धाकटीच्या सशांचा पाला

७ ऑगस्ट, गुरुवार

आता एवढंच राहिलं होतं! सकाळी सकाळी गुडघाभर गवतात वाकून मी सशांसाठी पाला खुडतेय. मी! हे दोन नग घरात आले तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट जिने केली होती, ती मी.

पण करणार काय. धाकट्या जावेला डॉक्टरीणबाईंनी कालपासून सक्त झोपून राहायला सांगितलंय. सहावा महिना लागलाय. उठायचं ते बाथरूमपुरतं. जिना नाही, वाकणं नाही, वजन उचलणं नाही, प्राण्यांजवळ जाणं नाही. आधी दोनदा होत्याचं नव्हतं झालंय. म्हणून या खेपेला बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "दगदग नकोच, पण मनाला धक्का त्याहून नको. घरात काही वाईट घडलं तरी हिच्या कानावर जाता कामा नये." मी म्हटलं, बरं. त्या 'बरं'मध्ये ससे येतात हे मला काय ठाऊक!

दीर धरणाच्या कामावर, आठवड्यातून एकदा येणार. नवरा म्हणाला, "तूच बघ बाई, मला त्यातलं काही कळत नाही." मी जशी काही गवताची पदवी घेऊन बसले आहे!

८ ऑगस्ट, शुक्रवार

शहाणपणा करून बाजारातून कोबीचा गड्डा आणला. गवतात वाकायला नको, म्हटलं. तर खालच्या खोलीतून आवाज— "वहिनी, कोबी? पोटं फुगतील त्यांची! कोबी नाही, मटार नाही, पाकिटातलं तर मुळीच नाही. रानातलाच पाला लागतो. दात वाढत राहतात ना त्यांचे, घासले गेले पाहिजेत."

म्हणजे बघा. दिवसभर मी लॅबमध्ये ज्यांचे दात पडलेत त्यांच्यासाठी कवळ्या करते. मेणात दात बसवा, प्लास्टर ओता, घासा, चकाकवा. आणि घरी आले की ज्यांचे दात थांबायचं नावच घेत नाहीत त्यांची सेवा.

कोबीची भाजी केली. नवरा म्हणाला, "परत कोबी?" त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

११ ऑगस्ट, सोमवार

पाला असा नुसता उपटून टाकायचा नाही म्हणे. आधी धाकटीकडे न्यायचा. ती मांडीवर मोठं ताट घेते, एकेक काडी उचलते, बघते, वास घेते. हरळी एका बाजूला, केना एका बाजूला, माठाची कोवळी पानं वेगळी. बाकी सगळं— "हे नको, हे नको, हे तर अजिबातच नको." आज माझ्या अर्ध्या पिशवीला नापास केलं. त्यात एक धोतऱ्याचं पान निघालं. "वहिनी, विष आहे हे!" असं म्हणत माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, मी मुद्दामच आणलंय.

लॅबला उशीर झाला. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. काय सांगू, जावेच्या सशांनी अडवलं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

घरामागचा मोकळा प्लॉट म्हणजे माझं नवीन कुरण. मी पिशवी घेऊन वाकलेली असताना तिसऱ्या घरातले निवृत्त काका काठी टेकत आले. रोज येतात. रोज काहीतरी ज्ञान देतात. आज उभे राहून म्हणाले, "अहो, हे रान काढा म्हणून पालिकेत तक्रारीवर तक्रार करणाऱ्या तुम्हीच ना?"

मीच. दोन वर्षं करतेय. डास होतात, साप निघतात, गाजरगवताने नवऱ्याला शिंका येतात. सगळं लिहून दिलंय, फोटोसकट. आणि आता त्याच रानात मी परडी-पिशवी घेऊन!

"मग आता तक्रार मागे घ्या," काका हसत म्हणाले.

दोन वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता कोण येतंय!

१९ ऑगस्ट, मंगळवार

कंबर. कंबर. कंबर.

२४ ऑगस्ट, रविवार

आज सुट्टी म्हणून पिंजरा घासला. तो पिंजरा पाहिला की माझं डोकं अजून फिरतं. पिंजरा कसला, सासूबाईंचं जेवणाचं टेबल आहे ते! चांगलं सागवानी, आठ माणसांचं. पाच वर्षांपूर्वी मी चार दिवस माहेरी गेले आणि परत येऊन बघते तर धाकटीने सुताराला बोलावून पाय कापलेले, खाली जाळी ठोकलेली आणि आत हे दोघे! एक करडा, जाडजूड, सदा नाखूश— मी त्याला साहेब म्हणते. दुसरी पांढरी, हडकुळी— ती काडी. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या दिवशी जे वाजलं ते वाजलंच. दुसऱ्या आठवड्यात चुली वेगळ्या झाल्या. ते दोघे खाली, आम्ही वर. तेव्हापासून कामापुरतं बोलणं. तिच्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. गरज काय होती?

आता रोज सकाळी जाते. पाल्यासाठी.

साहेबाने मला नखाने ओरबाडलं. आभार मानायची पद्धत बहुतेक.

१ सप्टेंबर, सोमवार

मला आता काही काही ओळखू येतं. केन्याला निळं फूल येतं, ते मॅडम काडीला आवडतं. घोळ थोडीच द्यायची. आंबुशी त्याहून थोडी. पाथरी तोडली की दुधासारखा चीक येतो, बोटं काळी पडतात. लॅबमध्ये आज दातांच्या डॉक्टरांकडून आलेला माणूस माझ्या बोटांकडे बघत होता. याच बोटांनी ही बाई लोकांच्या तोंडातले दात करते का, असा त्याचा चेहरा.

धाकटीने आज पहिल्यांदाच फक्त दोन काड्या बाजूला काढल्या. म्हणाली, "सुधारलात."

सुधारलात! बावन्नाव्या वर्षी!

(बरं वाटलं. पण ते इथेच.)

९ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर फोटो मागते. "वहिनी, साहेबाचा फोटो पाठवा ना." "काडी जेवली का? फोटो." भिंतीपलीकडच्या गॅलरीत तर आहेत ते! पण ती गॅलरीत जाऊ शकत नाही आणि हे खोलीत येऊ शकत नाहीत. मग मी लॅबला जायच्या आधी वाकून, उकिडवी बसून, या साहेबाची छायाचित्रं काढायची. तो बरोबर त्या क्षणाला पाठ फिरवतो. माझ्या फोनमध्ये आता माझ्या मुलाचे कमी आणि सशांच्या पार्श्वभागाचे फोटो जास्त झालेत. मुलाला वसतिगृहात पाठवला एक. त्याने उलट विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?"

आज पाला निवडताना तिने आपणहून टेबलाचा विषय काढला. मी मनात म्हटलं, आता हिला धक्का द्यायचा नाही म्हणून मी गप्प बसायचं आणि ही बोलणार! पण ती भांडायला आली नव्हती. केन्याची पानं तोडत म्हणाली, "पहिल्या वेळेला दवाखान्यातून आले ना वहिनी, तुम्ही माहेरी गेला होतात. घरात मी एकटी. त्या टेबलाकडे बघवेना. आठ खुर्च्या. मला वाटायचं, आता इथे बसायला कुणी येणारच नाही. मग कापून टाकलं."

मला ते माहीतच नव्हतं. म्हणजे दवाखान्याचं माहीत होतं, पण त्याच आठवड्यात टेबल कापलं हे मी कधी जोडून पाहिलंच नाही. मी टेबलावरून पाच वर्षं भांडत राहिले. मला फार वाईट वाटलं. तोंडाने मात्र म्हणाले, "सांगायचंस तरी." ती म्हणाली, "तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत होतात का?"

नव्हते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तपासणी. बाळ ठीक. वजन थोडं कमी आहे, पण ठीक. "आणखी दोन महिने काढा असेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटी गाडीत पूर्ण वेळ पोटावर हात ठेवून बसली होती. मी नवऱ्याला खड्डे चुकवायला सांगत होते आणि तो एकही चुकवत नव्हता.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी उशीर झाला होता. लॅबमध्ये तातडीची कवळी— एका आजोबांचा वरचा जबडा पडून तडकलेला, संध्याकाळी त्यांच्या नातीचं लग्न. मी धावतपळत प्लॉटवर गेले. पाला ओला होता, चकचकत होता. म्हटलं, दव पडलंय, छान. थोडा वास येत होता. म्हटलं, गटार. भराभर पिशवी भरली, फडक्याने टिपली आणि धाकटीला न दाखवता थेट पिंजऱ्यात टाकली. "आज निवडायला वेळ नाही गं!" असं दारातूनच ओरडून निघाले.

संध्याकाळी आले तर काडी कुशीवर पडलेली. तोंडाला फेस. साहेब कोपऱ्यात, डोळे अर्धे मिटलेले. दोघांना उरलेल्या पाल्यासकट टोपलीत घालून मागच्या दाराने नवऱ्याच्या गाडीतून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. काडी वाटेतच गेली. डॉक्टरांनी साहेबाला सलाईन लावलं, उरलेला पाला हुंगला आणि विचारलं, "फवारलेला पाला घातलात का?"

मी म्हटलं, नाही हो, आमच्या मागच्याच प्लॉटवरचा आहे. तेवढ्यात नवऱ्याने खिशातून फोन काढला. म्हणाला, "काल पालिकेची गाडी आली होती दुपारी. तण आणि डास, दोन्हींचं औषध मारून गेले. तू तक्रारीत माझा नंबर दिला होतास ना, त्यावर मेसेज आलाय बघ— आपल्या तक्रारीवर कार्यवाही पूर्ण."

दोन वर्षं! दोन वर्षं झोपले होते ना! आणि याला काल दुपारी मेसेज आला तर हा माणूस आज संध्याकाळी सांगतोय! मी त्या दवाखान्यात सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले. मग गप्प झाले. कारण तक्रार माझीच होती. आणि पाला धाकटीला दाखवला असता तर तिने पहिल्या काडीलाच वास ओळखला असता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

साहेबही गेला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोघांना दवाखान्यामागच्या झाडाखाली पुरलं. मी तिथेच उभी राहून रडले. सशांसाठी! त्या ओरबाडणाऱ्या साहेबासाठी! कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दिराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, तिला कळू देऊ नका. पाया पडतो. मोकळी होईपर्यंत नाही."

मी कशी सांगणार? मला काय हौस आहे? पण काल मी पाला नेलाच नाही. "पाऊस, चिखल आहे," असं सांगून वेळ मारून नेली. आज सकाळी तिने विचारलं, "वहिनी, आजही नाही का जाणार?" साधंच विचारलं. मी चपला शोधायला लागले. म्हटलं, "जाते की. निघालेच."

आणि गेले. पिशवी घेऊन. नसलेल्या सशांसाठी.

२२ सप्टेंबर, सोमवार

प्लॉट पिवळा पडलाय. सगळं करपलं. आता कालव्याच्या काठापर्यंत जावं लागतं, म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास. तिच्या खिडकीतून गल्ली दिसते. मी पिशवी घेऊन येताना ती बघते. त्यामुळे कोपऱ्यावरून दोन मुठी गवत घेऊन फसवायचीही सोय नाही. पिशवी भरलेलीच दिसली पाहिजे.

आली की निवडायला बसते. काडी काडी. मी समोर बसून बघते. मग ताट उचलून गॅलरीत जायचं आणि रिकाम्या पिंजऱ्याशी मोठ्याने बोलायचं— "खा रे साहेबा! काडे, ढकलू नको त्याला!" बावन्न वर्षांची बाई, कवळ्यांची कारागीर, जाळीशी बोलतेय! मग पाला पिशवीत भरून साडीच्या पदराआड लपवून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या शेळीला. इस्त्रीवाला खूश. "ताई, निवडलेला पाला आणता तुम्ही, असा कुणी आणत नाही."

शेळीही खूश. मी तेवढी वेडी व्हायची राहिले.

३० सप्टेंबर, मंगळवार

एक नशीब— ती फोटो मागायची थांबली आहे. मी जुने फोटो निवडून ठेवले होते, तारीख कळणार नाही असे. लागलेच नाहीत. नवरा म्हणतो, "आता तिला बाळाचं लागलंय, सशांचं काय!" असेल बुवा.

पण पाल्याचं मात्र काही कमी होत नाही. उलट वाढलंय! "वहिनी, आज पाथरी मिळाली तर बघा ना." "वहिनी, केना कोवळा आणा, शेंड्याकडचा." "कालव्याच्या पलीकडे माठ असेल का हो?" ज्यांना खायचंय ते झाडाखाली आणि हिच्या फर्माइशी आभाळाला! मला इतका राग आला की वाटेत एकटीच बोलत होते. काका समोरून आले, त्यांनी वाट बदलली.

८ ऑक्टोबर, बुधवार

पूर्वी निवडायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. आता तासाच्या घरात. एकेक पान उलटं करून बघते, मध्ये थांबते, काहीबाही सांगत बसते. तिच्या आजोळचं. शाळेतल्या बाईंचं. दिराने लग्नाआधी लिहिलेल्या एका भयंकर कवितेचं— ती ऐकून मी इतकी हसले की ठसका लागला. लॅबमध्ये उशीर नको म्हणून आता अर्धा तास लवकर उठते.

आज मीही सांगितलं. मुलगा घरातून गेल्यापासून वरचा मजला खायला उठतो, हे. कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, त्याला कळलं असतं तर टीव्हीचा आवाज वाढवला असता. धाकटीने ताट माझ्याकडे सरकवलं. मग दोघींनी मिळून हरळी निवडली.

आणि मी तिला फसवतेय. तिच्या हातात हात घालून, रोज सकाळी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सांगून टाकणार होते. खरंच. पाल्याचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ, तुला एक सांगायचंय." तिने एकदम माझा हात घट्ट धरला. "वहिनी, काही सांगू नका. काही वाईट असेल तर आत्ता नको. मोकळी झाले की सांगा." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "अगं काही नाही, गॅस सिलिंडर संपलाय." ती हसली. मीही हसले. दोघींचं हसू जरा जास्तच लांबलं.

खाली सिलिंडर भरलेला आहे. आता तेही लक्षात ठेवा!

२७ ऑक्टोबर, सोमवार

इस्त्रीवाल्याची शेळी व्याली. दोन पिल्लं. तो म्हणतो, "तुमच्या पाल्याची कृपा." कपाळाला हात लावला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताप आहे मला. अंग ठणकतंय. नवऱ्याला म्हटलं, आज तू जा पाल्याला, एक दिवस. तो गेला आणि काय घेऊन आला— घाणेरीची फुलं, रुईची पानं आणि कुणाच्या तरी कुंडीतलं शोभेचं झाड, मुळासकट! कुंडीवाली बाई मागोमाग भांडायला आली. हात टेकले मी या माणसापुढे. ताप अंगावर काढून कालव्यावर गेले.

पिशवी घेऊन आले तर धाकटी म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बरं नाही. नसता गेलात तर चाललं असतं." मी चिडले! "आणि मग ते काय उपाशी राहिले असते?" ती एकदम खाली बघायला लागली. म्हणाली, "तसं नाही." आणि निवडत बसली. मान वर केलीच नाही. मला वाटलं, जरा जास्तच टाकून बोलले. नंतर जाऊन तिला लिंबूपाणी दिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाळाचं वजन वाढलंय. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. आता कधीही.

आता मला दुसरीच काळजी. मोकळी होऊन घरी येईल, बाळाला घेऊन पहिल्यांदा गॅलरीत जाईल आणि बघेल— रिकामं टेबल. कोण सांगणार? दीर म्हणतो, "वहिनी, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकते ती." हो ना! सगळी कडू औषधं माझ्याच हातून! दोन महिने मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलले, ते तिला कळलं की संपलं. पुन्हा वर-खाली. पुन्हा कामापुरतं. टेबलाचं भांडण पाच वर्षं चाललं, याचं तर जन्मभर चालेल. आणि या वेळी चूक तिची नसेल.

तिने मला दाराबाहेर काढलं तर? याची मला इतकी भीती वाटतेय की लॅबमध्ये आज खालच्या जबड्यात वरचे दात बसवले. मालक म्हणाले, "बाई, काय चाललंय?" सगळे दात काढून पुन्हा बसवले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कळा सुरू झाल्या. पाला निवडत होती. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "वहिनी, बहुतेक निघायला पाहिजे." इतक्या शांतपणे! मीच जिन्यावरून धडपडले, नवऱ्याला हाका मारल्या, दवाखान्याची पिशवी विसरले, परत आले, तिच्याऐवजी पाल्याची पिशवी घेऊन गाडीत बसले. दवाखान्यात उघडली तर आत केना! नर्स बघत राहिली.

दीर निघालाय. आत कुणाला सोडत नाहीत. मी बाकावर बसून लिहितेय. सगळं नीट होऊ दे. बाकी मला काढायचं तर खुशाल काढ म्हणावं घरातून, पण हे नीट होऊ दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी. दोघी सुखरूप.

दुपारी मला आत सोडलं. धाकटीने बाळ माझ्या हातात दिलं. मी तोंड उघडणार, तोच म्हणाली, "वहिनी, आता पाल्याला जाऊ नका. दमलात." मला काही कळेना. तशी हळूच म्हणाली, "साहेब रोज दुपारी पाय आपटायचा. माझ्या उशाशी भिंतीतून ऐकू यायचं. तुम्ही लॅबमध्ये असायचात, तुम्हाला माहीत नव्हतं. ज्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मागच्या दाराने गेल्याचं ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. दिवसभर वाट बघितली. मग उशीत तोंड खुपसून रडून घेतलं, तुम्ही येण्याआधी."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. बाळ दचकलं.

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला असतात का तुम्ही?"

नसते आले.